मेद्वेजाचे व्हॅम्पायर, १७३२: एका पंचनाम्याचा अभ्यास

कथा-कादंबऱ्यांतला व्हॅम्पायर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फिकट, सडपातळ, उंची कपड्यांतला, सुळे असलेला, एखाद्या पडक्या गढीत राहणारा. ज्या कागदामुळे हा प्राणी युरोपभर माहीत झाला, त्या कागदात मात्र तो असा दिसत नाही. तिथला व्हॅम्पायर म्हणजे सरहद्दीवरच्या खेड्यातला शिपाई, नाहीतर त्याची बायको, नाहीतर त्याचं तान्हं मूल. त्याचा चेहरा लालबुंद आहे, अंग भरलेलं आहे, आणि सुळ्यांचा कुठे उल्लेख नाही. तो ६० वर्षांची म्हातारी असू शकतो आणि ८ दिवसांचं बाळही असू शकतो.

हा कागद म्हणजे २६ जानेवारी १७३२ रोजी बेलग्रेडमध्ये सह्या झालेला ऑस्ट्रियन सैन्याचा वैद्यकीय अहवाल. 'विझुम एट रेपेर्टुम' या नावाने तो ओळखला जातो. आपल्या सरकारी भाषेत सांगायचं तर पंचनामा आणि उत्तरीय तपासणी यांचं मिश्रण. तो लिहिणारे योहान्नेस फ्ल्यूकिंगर हे पायदळाच्या पलटणीतले शल्यवैद्य होते. त्यांना भोळसट म्हणून हसून सोडून देणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. या माणसाने जे पाहिलं ते बहुतांशी बरोबर नोंदवलं. चूक झाली ती पुढे, आणि ती कुठे झाली हे त्याच्याच नोंदींतून दाखवता येतं. म्हणून हे प्रकरण नीट, एकेका कबरीपाशी थांबून वाचायला हवं.

सरहद्दीवरचं गाव

१७१८ च्या पासारोविट्झच्या तहाने सर्बियाचा उत्तरेकडचा मोठा भाग तुर्कांकडून हाब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या, साम्राज्याकडे आला. १७३९ पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. पश्चिम मोरावा नदीकाठचं मेद्वेजा हे या नव्या सरहद्दीजवळचं गाव. इथे हायदुक राहत. कधीकाळचे बंडखोर आणि वाटमारे, आता सरहद्दीची राखण करायची आणि त्या बदल्यात जमीन कसायची, अशा बोलीवर वसवलेले. काही कुटुंबं तुर्कांच्या मुलखातून अलीकडेच आलेली होती.

या सरहद्दीवर साम्राज्याला दोन गोष्टींची धास्ती होती: तुर्की फौज आणि प्लेग. प्लेग पलीकडून आत शिरू नये म्हणून ठिकठिकाणी साथीचे वैद्य नेमलेले असत. त्यांतला एक, ग्लासर नावाचा, पाराचिन इथे होता. १७३१ च्या शेवटी मेद्वेजात माणसं पटापट मरताहेत अशी खबर आली तेव्हा साहजिकच त्याला पाठवण्यात आलं. १२ डिसेंबरला तो गावात होता.

सहा आठवड्यांत १३ माणसं दगावली होती. ग्लासर घरोघर फिरला. प्लेगची एकही खूण त्याला दिसली नाही. एक दिवसाआड आणि दोन दिवसांआड येणारे ताप, बरगडीत कळा, छातीचं दुखणं, एवढंच आढळलं. याचं खापर त्याने सर्बियन लोकांच्या कडक उपासांवर फोडलं. गावकऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की हे व्हॅम्पायरांचं काम आहे. रात्री दोन-तीन कुटुंबं एका घरात गोळा होत. काही झोपत, काही पहारा देत. आणि सरकारने या व्हॅम्पायरांचा बंदोबस्त केला नाही, तर गाव सोडून जाऊ, असंही त्यांनी बजावलं.

या धमकीचं वजन लक्षात घ्यायला हवं. हायदुकांचं गाव उठलं म्हणजे सरहद्दीची एक चौकी उठली. ग्लासरने समजूत घालून पाहिली, शेवटी त्यांच्या आग्रहाखातर १० कबरी उघडल्या, आणि बहुतेक प्रेतं कुजलेली नाहीत हे पाहून तो स्वतःच चक्रावला. गावाच्या समाधानासाठी ते म्हणतात तसं करू द्यावं, अशी शिफारस त्याने वर पाठवली. या क्षणी चौकशीचा विषय बदलला. लोक कशाने आजारी पडताहेत हा प्रश्न मागे पडला आणि प्रेतं का कुजली नाहीत हा प्रश्न पुढे आला. बेलग्रेडहून जे दुसरं पथक आलं, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आलं होतं. फ्ल्यूकिंगर, त्यांच्या हाताखालचे दोन शल्यवैद्य आणि काही लष्करी अधिकारी असं हे पथक ७ जानेवारीला गावात पोचलं.

गावाने सांगितलेला जीवनक्रम

पथकाने आधी हायदुकांच्या कंपनीचा कप्तान, गावचा प्रमुख, निशाणबरदार आणि सर्वांत वयस्कर हायदुक यांचे जबाब घेतले. त्यांच्या सांगण्यावरून या प्राण्याचा सगळा जीवनक्रम मांडता येतो, आणि तो चांगलाच सुसंगत आहे.

सुरुवात अर्नोल्ड पाओले नावाच्या हायदुकापासून. सुमारे पाच वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून, मान मोडून तो मेला. तुर्की सर्बियात कोसोव्होकडे असताना आपल्याला एका व्हॅम्पायरने छळलं होतं, असं तो जिवंतपणी सांगत असे. त्यातून सुटण्यासाठी त्याने त्या व्हॅम्पायरच्या कबरीवरची माती खाल्ली होती आणि त्याचं रक्त अंगाला फासलं होतं. पाओले गेल्यानंतर २०-३० दिवसांनी काही जण तक्रार करू लागले की तो येऊन त्रास देतो. चौघे मेले. ४० व्या दिवशी कबर उघडली तर प्रेत जसंच्या तसं. डोळे, नाक, तोंड, कान यांतून ताजं रक्त वाहिलेलं, अंगावरचा सदरा आणि शवपेटी रक्ताने माखलेली, जुनी नखं आणि कातडी गळून नवी आलेली. छातीत खुंटा ठोकला तेव्हा तो मोठ्याने कण्हला आणि भळभळा रक्त आलं. त्याच दिवशी जाळून राख कबरीत टाकली. त्या चौघांचंही तेच केलं, कारण व्हॅम्पायरने मारलेला माणूस स्वतः व्हॅम्पायर होतो.

मग पाच वर्षांनी पुन्हा कसं सुरू झालं? गावाकडे त्याचंही उत्तर होतं. पाओलेने गुराढोरांचंही रक्त प्यायलं होतं आणि ते मांस लोकांनी खाल्लं होतं. नव्या साथीची सुरुवात ज्या मिलित्सा नावाच्या म्हातारीपासून झाली, तिने व्हॅम्पायरांनी मारलेल्या मेंढ्यांचं मांस खाल्लं होतं.

मला या जबाबातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा वाटतो. यात पहिला रुग्ण आहे, बाहेरून आलेली लागण आहे, लागण आणि लक्षणं यांच्यामधला काळ आहे, जनावरांत दडून राहिलेलं बीज आहे, मांसातून होणारा प्रसार आहे, आणि शेवटी जाळून केलेलं निर्मूलन आहे. सूक्ष्मजंतू माहीत नसलेल्या समाजाने साथीच्या रोगाचा बांधलेला हा आराखडा आहे. कबरीतून तो प्राणी बाहेर कसा येतो, माती का हलत नाही, याबद्दल अहवालात ओळही नाही. गावाला त्याची फिकीर नव्हती. त्यांना साखळी हवी होती, आणि ती त्यांनी बऱ्याच अंशी समजूतदारपणे जोडली. फक्त साखळीच्या टोकाला प्रेत ठेवलं.

मराठी वाचकाला इथे एक फरक जाणवेल. आपले मुंज्या, समंध, हडळ हे बहुधा देहावाचून वावरतात, कारण देह चितेवर गेलेला असतो. झाडावर, विहिरीवर, तिठ्यावर त्यांचा वास असतो, पण तपासायला हाती काही लागत नाही. पुरणाऱ्या समाजात मात्र शंका आली की कुदळ घेऊन जाता येतं आणि खात्री करून घेता येते. मेद्वेजात तशी खात्री करून घेतली गेली आणि शंका आणखी पक्की झाली.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवायला हवी. पाओलेबद्दलचं सगळं पथकाने ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पाओले केव्हाच राख झाला होता. पण अहवालात ही ऐकीव हकीकत आणि पुढची प्रत्यक्ष तपासणी एकाच सुरात, एकापाठोपाठ येतात. नंतर ज्यांनी ज्यांनी हे प्रकरण उचललं, त्यांनी सर्वांत जास्त उचलला तो पाओलेच, म्हणजे ज्याचा पुरावा सर्वांत कमी होता तो.

कबरी उघडल्यावर

त्या दुपारी पथक दफनभूमीत गेलं आणि तीन महिन्यांत पुरलेल्यांच्या कबरी एकेक करून उघडल्या. प्रेतं चिरून पाहिली. तीन नोंदी जवळून पाहू.

पहिली स्ताना. वय २०. बाळंतपणात, तीन दिवसांच्या आजारानंतर, दोन महिन्यांपूर्वी गेलेली. तिनेही पूर्वी कधी व्हॅम्पायरचं रक्त अंगाला लावलं होतं, असं ती सांगायची. बाळ जन्मताच गेलं होतं. ते नीट खोल न पुरल्यामुळे कुत्र्यांनी अर्धं खाल्लं होतं. स्तानाचं शरीर न कुजलेलं. छातीच्या पोकळीत ताजं दिसणारं रक्त. हृदयात आणि रक्तवाहिन्यांत नेहमीसारख्या गाठी नाहीत. फुप्फुसं, यकृत, प्लीहा, आतडी ताजी. हातापायांची कातडी जुन्या नखांसकट आपसूक सुटून आली आणि खाली नवी, टवटवीत कातडी आणि नवी नखं दिसली. आणि याच नोंदीत, याच सुरात, आणखी एक वाक्य आहे: गर्भाशय खूप मोठं झालेलं, बाहेरून सुजलेलं, आत वार आणि स्राव तसेच राहिलेले आणि पूर्ण सडलेले.

वार आत राहिली, ती सडली, तीन दिवसांत बाई गेली. आजची कोणतीही दाई हे ऐकून मृत्यूचं कारण सांगेल. अहवालात ते कारण लिहिलेलं आहे. फक्त कारण म्हणून लिहिलेलं नाही. नखांची नोंद जितकी, तितकीच त्याची. लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा प्रश्न एवढाच होता की ही व्हॅम्पायर आहे की नाही. ही नोंद वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. वीस वर्षांची मुलगी आणि तिचं बाळ बाळंतपणात गेलं, आणि त्यांचा मृत्यू एका राक्षसाच्या खात्यात जमा झाला.

दुसरी मिलित्सा, ६० वर्षांची. तीन महिने आजारी राहून गेली, नव्वदेक दिवस मातीखाली. छातीत पातळ रक्त, आतले अवयव ताजे. तिला आयुष्यभर ओळखणारे हायदुक कडेला उभे होते. ही बाई जन्मभर काटकुळी, वाळलेली होती आणि कबरीत येऊन अशी धष्टपुष्ट कशी झाली, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. त्यांच्या दृष्टीने पुरावा पूर्ण झाला. जिवंतपणी जिला पोटभर मिळालं नाही ती मेल्यावर भरून आली, म्हणजे ती काहीतरी खात होती.

तिसरी स्तानोयका, वय २०, एका हायदुकाची बायको. तीन दिवसांच्या आजाराने गेलेली, १८ दिवसांपूर्वी पुरलेली. तिची हकीकत तिच्या सासरच्या वडीलधाऱ्याने सांगितली. धडधाकट झोपली, मध्यरात्री भयंकर किंचाळून, थरथरत उठली आणि म्हणाली, नऊ आठवड्यांपूर्वी मेलेला मिलोए आपला गळा दाबत होता. मग छातीत कळ सुरू झाली, तासातासाला वाढत गेली, तिसऱ्या दिवशी ती गेली. हा मिलोए १६ वर्षांचा, गावातल्याच हायदुकाचा मुलगा, आणि त्याचीही कबर त्या दुपारी उघडली गेली. स्तानोयकाचा चेहरा लालसर, सजीव दिसत होता. उजव्या कानाखाली बोटभर लांबीचा निळसर, रक्त साकळल्यासारखा डाग होता. नाकातून ताजं रक्त आलं.

याप्रमाणे दहाच्या वर प्रेतं 'व्हॅम्पायर अवस्थेत' सापडली. पण सगळीच नाहीत. गावप्रमुखाची बायको आणि तिचं बाळ, निशाणबरदाराची बायको आणि तिचं बाळ, आणि एक तरुण नोकर, ही पाच प्रेतं पूर्ण कुजलेली होती. जमीन तीच, कबरी शेजारच्याच, काळही साधारण तेवढाच, असं फ्ल्यूकिंगर मुद्दाम लिहितात. गावातल्या दोन वजनदार घरांतली माणसं निर्दोष ठरली याकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, विशेषतः ते घरमालक कबरीच्या कडेला उभे असताना. पण नोकरही तसाच कुजलेला होता, आणि कुजलेलं प्रेत कुणाच्या वशिल्याने कुजत नाही. मला या नोंदीत शल्यवैद्याचा प्रामाणिकपणाच दिसतो. नको असलेली निरीक्षणं त्याने गाळली नाहीत.

तपासणी संपल्यावर त्या भागातल्या रोमा (जिप्सी) लोकांकडून 'व्हॅम्पायरां'ची मुंडकी तोडून घेतली, धडांसकट जाळली आणि राख मोरावा नदीत टाकली. कुजलेली पाच प्रेतं परत आपापल्या कबरीत ठेवली.

मातीखाली काय घडतं

आता यातली एकेक खूण न्यायवैद्यकाच्या नजरेने पाहू. अमेरिकी अभ्यासक पॉल बार्बर यांनी १९८८ मध्ये जुन्या व्हॅम्पायर-हकीकती प्रेत कुजण्याच्या शास्त्राशी ताडून पाहिल्या, तेव्हापासून हे वाचन बऱ्यापैकी मान्य झालेलं आहे.

आधी काळ. एकोणिसाव्या शतकातले बर्लिनचे न्यायवैद्यकतज्ज्ञ योहान लुडविग कास्पर यांचा एक ढोबळ नियम आजही शिकवला जातो: उघड्या हवेत एका आठवड्यात जेवढं कुजतं, तेवढं कुजायला पाण्यात दोन आणि मातीखाली आठ आठवडे लागतात. मिलित्साचे ९० दिवस म्हणजे हवेतले अकरा. स्तानाचे दोन महिने म्हणजे आठवडाभर. स्तानोयकाचे १८ दिवस म्हणजे जेमतेम दोन दिवस, आणि तेही बाल्कनच्या हिवाळ्यात, गारठलेल्या जमिनीत. दोन दिवसांचं प्रेत थंडीत ताजं दिसलं यात नवल काहीच नाही. नवल एवढंच की तिथल्या कुणालाच या हिशेबाची कल्पना नव्हती. लष्करी शल्यवैद्याने रणांगणावरची प्रेतं शेकड्यांनी पाहिलेली असतात, चिरफाड केलेली असते ती ताज्या देहांची. पण पुरून दोन-तीन महिने झालेलं प्रेत उकरून कोण बघतो? ज्या अवस्थेशी तुलना करायची, ती त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती.

मिलित्साचं भरलेलं अंग म्हणजे वायू. माणूस मेल्यावर आतड्यांतले जिवाणू मरत नाहीत. ते आतूनच शरीर खायला लागतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तयार होतात. पोट, छाती, चेहरा, हातपाय फुगतात. काटकुळी बाई गुबगुबीत दिसायला लागते. हाच दाब फुप्फुसांतलं आणि पोटातलं काळपट लाल पाणी वर ढकलतो आणि ते नाकातोंडातून बाहेर येतं. ते पाहणाऱ्याला ताजं रक्त वाटतं. पाओलेच्या छातीत खुंटा बसल्यावर तो 'कण्हला', ती हकीकत खरी धरली तरी उलगडा सरळ आहे: दाबलेला वायू घशातून बाहेर पडताना स्वरयंत्र वाजतं.

रक्त गोठलेलं का नाही, हा फ्ल्यूकिंगर यांना पडलेला प्रश्न वैद्याला शोभेल असाच होता. मेल्यावर रक्त गोठतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पण या गाठी पुष्कळदा नंतर विरघळतात, आणि काही मृत्यूंमध्ये रक्त मुळातच नीट गोठत नाही. पुढे तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि ते लाल पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून छातीच्या पोकळीत साचतं. शिवाय बरगडीत कळा आणि छातीचं दुखणं होऊन जी माणसं गेली, त्यांच्या छातीत आजारपणातच पाणी झालेलं असणं शक्य आहे. ग्लासरने जिवंत माणसांच्या बरगडीत ऐकलेली कळ आणि फ्ल्यूकिंगर यांनी मेलेल्यांच्या छातीत पाहिलेलं 'रक्त' या एकाच आजाराच्या दोन बाजू असतील, असं मला वाटतं.

नवी कातडी आणि नवी नखं ही खूण सर्वांत फसवी. कुजताना वरचा पातळ थर सैल होऊन निसटतो. हातापायांवरून तो कधीकधी हातमोज्यासारखा, नखांसकट निघतो. खालचा थर ओलसर, गुलाबी असतो आणि नखांच्या जागी नखांचा मऊ तळ दिसतो. ही नवी वाढ नसून विघटनाचीच पायरी आहे. म्हणजे ज्या खुणेवरून प्रेत कुजलं नाही असं ठरवलं, ती कुजण्याचीच खूण होती. कुजणं म्हणजे हिरवंकाळं पडून, दुर्गंधी सुटून, हाडं उघडी पडणं, अशी एकच कल्पना असेल तर हा टप्पा ओळखता येत नाही.

शेजारशेजारच्या कबरींत फरक का? आजार कोणता होता, अंगावर चरबी किती होती, मेल्यापासून पुरेपर्यंत किती वेळ गेला आणि प्रेत उबदार खोलीत होतं की गारठ्यात, कपडे किती होते, खड्डा किती खोल होता, या सगळ्याने कुजण्याचा वेग बदलतो. शेजारच्या दोन कबरींतही प्रेतं सारखी सापडत नाहीत, हे आज कुठल्याही शवागारातला माणूस सांगेल.

मध्यरात्रीचा गळा दाबणारा मिलोए राहिला. झोप आणि जाग यांच्या सीमेवर शरीर जखडलेलं असतं, छातीवर भार वाटतो, श्वास कोंडतो आणि खोलीत कुणीतरी आहे अशी पक्की जाणीव होते. 'छातीवर भूत बसलं' म्हणणारे लोक आपल्या घरांतही असतात. त्यात ताप चढत असेल, छातीत आजार सुरू झाला असेल, आणि सगळं गाव नऊ आठवडे मेलेल्यांची नावं घेऊन पहारा देत असेल, तर समोर कुणाचा चेहरा येईल? अगदी अलीकडे गेलेल्या, ओळखीच्या पोराचा. तिने नाव घेतलं ते खोटं नव्हतं. तिला तो खरंच दिसला असणार.

आजारी माणसांचं काय?

इथवरचं स्पष्टीकरण प्रेतांचं झालं. पण मेद्वेजात माणसं मरत होती हे खरंच होतं, तीन महिन्यांत १७. ती कशाने?

अहवालातला एक तपशील सहसा कुणी वापरत नाही: मरण्याआधी किती दिवस आजारी. तो वेगळा काढून मांडला की चित्र बदलतं. स्ताना बाळंतपणात, तीन दिवसांत. तिचं बाळ जन्मताच. मिलित्सा तीन महिन्यांच्या आजाराने. नोकरही तीन महिने आजारी होता. रूशा नावाची बाई दहा दिवसांत. मिलोए, सतरा वर्षांचा योआकिम आणि स्तानोयका तीन-तीन दिवसांत. शिवाय आठ दिवसांचं बाळ, अठरा दिवसांचं बाळ, आठ आठवड्यांचं बाळ. अठराव्या शतकातल्या कुठल्याही खेड्यात हिवाळ्याच्या तोंडाशी तान्ही मुलं आणि बाळंतिणी दगावत. तीन महिने खंगत जाणं आणि तीन दिवसांत उभ्याउभ्या जाणं हा एकच रोग असणं कठीण.

मेंढ्यांच्या उल्लेखावरून काही तज्ज्ञांनी फाशी या जनावरांच्या रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय घेतला आहे. तो आकर्षक आहे. फाशीने मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येतं हे आपल्याकडचा पशुपालकही जाणतो, आणि असं मांस खाणाऱ्याला लागण होते. तीन दिवसांत गेलेल्या तरुण मुलांना हे निदान कदाचित लागू पडेल. मिलित्साला, नोकराला, बाळांना पडत नाही. माझं मत असं, की १७ मृत्यूंमधून एकच रेघ ओढण्याची घाई गावाने केली, पथकाने ती मान्य केली, आणि आपणही एकाच जंतूचं नाव शोधायला निघालो तर तीच रेघ पुन्हा ओढू. साथीची चौकशी करणारा आधी ठरवतो की कोणत्या लक्षणांचा माणूस साथीत मोजायचा आणि कोणता नाही. मेद्वेजात मोजणीची अट होती 'मेला आणि कुजला नाही'. ती अट आजाराबद्दल काहीच सांगत नाही.

ग्लासर उपासांपाशी थांबला, तरी निदान त्याने जिवंत माणसांना तपासलं होतं. फ्ल्यूकिंगर यांच्या अहवालात आजारी माणसाची तपासणी नाही, पाण्याची नाही, जनावरांची नाही. मृतांवर अख्खी दुपार खर्च झाली. ज्यांच्या छातीत अजून कळ येत होती, ते त्याच गावात होते.

कागदाचा पुढचा प्रवास

अहवाल वाऱ्यासारखा पसरला. ग्लासरच्या वडिलांनी, तेही वैद्यच, न्यूरेंबर्गच्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून ही बातमी जर्मन विद्वानांपर्यंत पोचवली. मार्च १७३२ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रातही ती आली. त्या एका वर्षात जर्मनीत या विषयावर पुस्तिकांचा पाऊस पडला. बर्लिनच्या शाही विज्ञानसंस्थेने त्याच मार्चमध्ये मत दिलं की यातून व्हॅम्पायर असल्याचं सिद्ध होत नाही. पण वाचकांना मत नको होतं, पाओले हवा होता. लष्करी अधिकाऱ्यांच्या सह्या असलेला कागद म्हटल्यावर गोष्टीला जे वजन येतं, ते आलं, आणि खुंटा, रक्त, बळीचंच पुढे व्हॅम्पायर होणं हे नियम कल्पित साहित्यात कायमचे जाऊन बसले. चेहऱ्याची लाली, फुगलेलं अंग, तान्ही मुलं आणि मेंढ्या मागे राहिल्या.

कायदा बदलायला आणखी तेवीस वर्षं लागली. मोराविया-सायलेशियाच्या सीमेवरच्या हेर्मर्सडोर्फ गावात डिसेंबर १७५४ मध्ये वारलेल्या रोझिना पोलाकिन या बाईचं प्रेत जानेवारी १७५५ मध्ये उकरलं गेलं. ते कुजलेलं नाही म्हणून तिला व्हॅम्पायर ठरवलं, मुंडकं तोडलं आणि जाळलं. हाब्सबर्ग साम्राज्याच्या महाराणी मारिया थेरेसा यांनी चौकशीसाठी वैद्य पाठवले आणि आपले राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांचा सल्ला घेतला. व्हान स्वीटेन यांनी या प्रकारावर कडक शब्दांत टीका केली. १७५५ च्या मार्चमध्ये हुकूम निघाला: भुताखेताच्या नावाखाली कुणाची कबर उकरायची नाही, प्रेत जाळायचं नाही, अशी तक्रार आली तर धर्माधिकाऱ्याने परस्पर निकाल न देता सरकारला कळवायचं, आणि तपासणी वैद्याकडून व्हायची. या वेळी मेद्वेजा हाब्सबर्गांकडे नव्हतं. १७३९ च्या तहाने ते परत तुर्कांकडे गेलं होतं, त्यामुळे हा हुकूम तिथे कधी लागूच झाला नाही.